आईच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत

प्रश्न: माझी आई ६४ वर्षांची. सोलापूरजवळ कुंभारीच्या घरकुलात राहते. चौदाव्या वर्षापासून बिड्या वळायची. पाच वर्षांपूर्वी कारखान्याचं काम सुटलं, तेव्हापासून दोन घरची भांडी करते. शुगर आहे. रेशनकार्डावर तिचं आणि माझ्या भावाचं अशी दोनच नावं, आणि भाऊ पुण्याला कामाला. गेले तीन महिने रेशन दुकानात तिचा अंगठा लागत नाही. दुकानदार म्हणतो, “बोटं खराब झालीत, केवायसी झाली नाही तर नाव कटेल.” पीएफच्या पेन्शनचा हयातीचा दाखलाही मशीनवर निघाला नाही, पेन्शन थांबली. कुणीतरी सांगितलं म्हणून ती लिंबू आणि विटेच्या तुकड्यानं बोटं घासते. आता चिरा पडून रक्त येतं. परवा रात्री मला म्हणाली, “मी जिवंत हाय, हे आता कुणाला पटवायचं?” मी काय करू? – एक वाचक, सोलापूर

ताई, बाकी सगळं नंतर. आधी आज संध्याकाळीच विटेचा तो तुकडा आईच्या हातातून काढून घ्या. लिंबूही बंद. घासल्यानं ठसा वर येत नाही, उलट जो थोडाफार उरलाय तोही जातो. मी त्वचारोगाची डॉक्टर आहे आणि अशी घासलेली बोटं मी खूप पाहिली आहेत. एक गवंडीदादा पॉलिश पेपरनं अंगठा घासून आले होते. मशीनला साफ बोट लागतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. अंगठ्यात पू झाला, पंधरा दिवस काम बुडालं, आणि ठसा तरीही लागला नाही. चुना, रॉकेल, टर्पेंटाइन, ब्लीच, कपड्याचा सोडा हेही कुणी ना कुणी सुचवतंच. यातलं काहीही आईच्या बोटाला लावू नका.

आता ठसे गेले कुठे, ते सांगते. हे आईलाही समजावून सांगा, कारण तिला वाटतंय की चूक तिची आहे.

माणूस पोटात असताना तिसऱ्या महिन्याच्या सुमारास बोटांवर रेघा उमटायला लागतात आणि सहाव्या महिन्यापर्यंत त्यांची नक्षी पक्की होते. आपल्याला दिसते ती वरची साल. नक्षीचा साचा तिच्या खालच्या थरात असतो. वरची साल झिजत राहते आणि खालून नवी येत राहते. साधारण चार आठवड्यांत ती बदलते, उतारवयात त्याहून जास्त दिवस लागतात. म्हणून नुसत्या घासण्यानं पुसट झालेला ठसा, हाताला विश्रांती मिळाली तर, बऱ्याच अंशी परत येतो. खोल कापलं किंवा भाजलं आणि जखम साच्यापर्यंत गेली, तर मात्र तिथे कायमचा व्रण राहतो.

तुमच्या आईच्या बोटांना ती विश्रांती कधी मिळालीच नाही. ओलं पान फर्म्यावर कापायचं, त्यावर तंबाखू पसरायची, अंगठा आणि तर्जनीनं गुंडाळी ओढायची, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मी कागदावर हिशेब केला. दिवसाला ७०० बिड्या आणि वर्षाला २५० दिवस इतकं कमी धरलं, तरी पंचेचाळीस वर्षांत पाऊण कोटीच्या वर बिड्या त्या दोन बोटांमधून गेल्या. नवी साल येण्याआधीच जुनी झिजत होती. आणि आता भांडी. साबणाचा क्षार, तारेची घासणी, दिवसभर ओले हात. त्यानं त्वचेतलं तेल निघून जातं आणि ती कोरडी पडून भेगाळते. शुगरमध्येही त्वचा कोरडी पडते, जखम लवकर भरत नाही. वय झालं की रेघांचा उंचसखलपणा कमी होतो, घाम आणि तेल कमी सुटतं. काचेवर बोट ठेवलं की ओलसर रेघ काचेला टेकते आणि तिचा ठसा दिसतो. कोरडी, सपाट रेघ नीट टेकतच नाही. यंत्राला मग तुटक ठिपके दिसतात.

हे तुमच्या आईपुरतं नाही. सिमेंट कालवणाऱ्यांचे हात सिमेंटच्या क्षारानं जळतात, त्यातल्या क्रोमियमची काहींना ॲलर्जी होऊन इसब उठतो. काजू सोलणाऱ्या बायकांची बोटं टरफलातल्या तेलानं भाजतात. वीटभट्टी, मिठागर, ऊसतोड, मासळी साफ करण्याचं काम, सगळीकडे हेच. आजारांचीही यादी मोठी आहे: इसब, सोरायसिस, थायरॉइड कमी असल्यानं येणारा कोरडेपणा, कुष्ठरोगात नसा खराब होऊन घाम थांबणं, संधिवातात वाकडं झालेलं बोट काचेवर सपाट न बसणं, कंपवातात ते स्थिर न राहणं. कर्करोगावर कॅपेसिटाबिन नावाची गोळी देतात. तिनं तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतात आणि काही रुग्णांचे ठसे पुसले जातात. २००८ च्या डिसेंबरमध्ये सिंगापूरहून अमेरिकेला गेलेल्या अशाच एका ६२ वर्षांच्या रुग्णाला, ठसे मिळेनात म्हणून, विमानतळावर चार तास अडकवून ठेवलं होतं. त्याच्या डॉक्टरांनी ही हकीकत पुढच्या वर्षी एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिली. तेव्हापासून ही गोळी घेणारा रुग्ण आला की मी त्याला सांगते की ठशांची कामं उरकून घ्या, आणि हातात चिठ्ठीही देते.

म्हणजे “बोटं खराब झालीत” हे दुकानदाराचं बोलणं आईनं मनावर घेऊ नये. ती कामाला आलेली बोटं आहेत.

आता घरी काय करायचं. रोज रात्री हात कोमट पाण्यानं धुऊन, टिपून, ओलसर असतानाच बोटांना व्हॅसलिन चोळा आणि वर सुती हातमोजे घाला. मोजे नसतील तर जुने सुती पायमोजेही चालतात. खोबरेल तेल वाईट नाही, पण भेगांवर व्हॅसलिन जास्त टिकतं. भांडी घासताना आतून सुती आणि वरून रबरी मोजे. नुसत्या रबरात घाम साचून बुरशी होते, म्हणून मोजे रोज उलटे करून वाळवायचे. तारेच्या घासणीऐवजी नायलॉनची घ्या. सध्या रक्त येतंय, तेव्हा घरगुती उपायांवर थांबू नका. शुगरच्या माणसाची उघडी भेग आठवडाभर तशीच ठेवणं बरं नाही. सोलापूरच्या सरकारी रुग्णालयात त्वचारोगाच्या ओपीडीत दाखवा. शुगर आणि थायरॉइड तपासून घ्या. हाताला कुठे बधिर, फिकट चट्टा असेल तर तोही आवर्जून दाखवा. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि वेळेवर घेतलं तर हात वाचतो. आणि एक काम विसरू नका. त्या डॉक्टरांकडून दोन ओळींचं प्रमाणपत्र मागून घ्या: “हातांच्या त्वचेच्या विकारामुळे व झिजेमुळे बोटांचे ठसे सध्या उमटत नाहीत.” सही, शिक्का, तारीख. ते पुढे लागेल.

इथे बरेच जण एक चूक करतात. ठसे लागेनात म्हटलं की लगेच आधार केंद्रावर जाऊन बायोमेट्रिक अपडेट करून येतात. तुम्ही तसं करू नका. आत्ता भेगाळलेल्या बोटांचे ठसे नोंदवले तर भेगाच नोंदल्या जातील. आधी चार ते सहा आठवडे हात बरे होऊ द्या, मग जा. आईचं आधार साधारण पंधरा वर्षांपूर्वीचं असेल, म्हणजे तेव्हाही तिला बिडी वळायला लागून पस्तीसेक वर्षं झालेली. साठवलेला नमुना मुळातच पुसट असण्याची शक्यता बरीच आहे. त्यामुळे अपडेट करायचं आहेच, फक्त योग्य वेळी. त्या दिवशी दहाही बोटं, दोन्ही डोळे आणि फोटो, तिन्ही नव्यानं घ्यायला सांगा. ठरलेलं शुल्क भरून पावती घ्या. तिचा मोबाइल नंबर मात्र आजच जोडून टाका, त्यासाठी बोटं बरी व्हायची वाट बघायला नको. नंबर तिच्याजवळच्या फोनचा असू दे, पुण्याच्या भावाचा नको. ओटीपी आला की दर वेळी त्याला फोन करत बसावं लागेल.

दुकानात पुन्हा जाल तेव्हा दहाही बोटं लावून बघा. आपल्याकडे सवयच पडलीय की अंगठाच द्यायचा. पण बिडी वळणाऱ्या बाईचा अंगठा आणि तर्जनी ही तिची सगळ्यात जास्त झिजलेली बोटं. अनामिका आणि करंगळी त्या मानानं वाचलेली असतात. जाण्याआधी पंधरा मिनिटं हाताला थोडं क्रीम चोळून जास्तीचं पुसून टाका, बोटावर तोंडाची वाफ द्या, काच कोरड्या फडक्यानं पुसायला सांगा. बोटाचं टोक नाही, मधला मांसल भाग सपाट टेकवायचा, आणि जीव खाऊन दाबायचं नाही. दाबलं की रेघा पसरतात. भांडी घासून तशीच जाऊ नका. ठसा नाकारला तर पडद्यावरचा आकडा दुकानदाराला वाचायला सांगा. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे आधारचं बायोमेट्रिक कुणीतरी लॉक केलंय. तसं असेल तर बोटांचा काही संबंधच नाही, ते उघडून घेतलं की काम झालं. ‘सर्व्हर नाही’ म्हणाला तर ती तक्रार निराळी. या तिन्ही गोष्टींना दुकानदार एकच नाव देतात, “अंगठा लागत नाही.”

पण समजा काहीच लागलं नाही. आईला तरीही धान्य मिळालं पाहिजे, आणि हे मी सहानुभूतीनं म्हणत नाही. तसे लेखी आदेश आहेत. २४ ऑक्टोबर २०१७ ला केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागानं आणि आधार प्राधिकरणानं राज्यांना कळवलं की ठसा जुळला नाही म्हणून लाभ नाकारू नये, दुसऱ्या मार्गानं ओळख पटवून धान्य द्यावं आणि त्याची नोंद ठेवावी. दुसरे मार्ग म्हणजे डोळ्याचं स्कॅन, मोबाइलवरचा ओटीपी, आणि तेही नसेल तर कार्ड पाहून नोंदवहीत लिहून देणं. पुढे आधारचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला. मार्च २०१८ मध्ये प्राधिकरणाच्या प्रमुखांनी न्यायालयात सांगितलं की सरकारी सेवांमध्ये पडताळणी ८८ टक्के वेळा यशस्वी होते. उरलेले १२ टक्के नुसते आकड्यात वाचले तर थोडे वाटतात. तुमची आई त्यांच्यात आहे. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात, पडताळणी फसली म्हणून पात्र माणसाला लाभ नाकारला जाणार नाही, ही सरकारनं दिलेली हमी न्यायालयानं नोंदवून घेतली. आधारचं पहिलं कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. ज्या राज्यानं ही सुरुवात पाहिली, तिथे राबणाऱ्या हातांचं काय करायचं हे एव्हाना प्रत्येक दुकानदाराला पाठ असायला हवं होतं. नाही, याचा मला राग येतो.

दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नका. दर महिन्याचं धान्य उचलायला कार्डावरच्या कुठल्याही एका माणसाचा ठसा पुरतो. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवून घेणं, मात्र प्रत्येकाची वेगळी. त्यामुळे भाऊ गावी येईल तेव्हा त्याच्या अंगठ्यावर त्या महिन्याचं धान्य मिळू शकतं, आणि त्याची स्वतःची केवायसी तो पुण्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात करू शकतो. आईची केवायसी चेहऱ्यावरून होते. ‘मेरा ई-केवायसी’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन ॲप अँड्रॉइड फोनवर घ्या. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, मग चेहरा दाखवायचा. म्हणूनच नंबर जोडायची घाई करा म्हटलं. उजेडाकडे तोंड करून बसवा, चष्मा काढा, डोक्यावरचा पदर थोडा मागे, आणि सांगेल तेव्हा पापणी मिटायची. आधारवरचा फोटो फार जुना असेल तर पहिल्या खेपेला जुळणार नाही, दोन-तीनदा करून बघा. वृद्ध माणसाच्या वतीनं धान्य आणायला नॉमिनी नेमता येतो का, हेही पुरवठा शाखेत विचारून ठेवा. तुम्ही जवळ राहता, तुमचंच नाव द्या.

पेन्शनचं काम त्याहून सोपं आहे. हयातीच्या दाखल्याला अंगठा लागतोच असं नाही. ‘जीवन प्रमाण’ ॲपवर चेहऱ्यावरून दाखला काढण्याची सोय नोव्हेंबर २०२१ पासून आहे, आणि पीएफच्या पेन्शनरांसाठी ती जुलै २०२२ पासून आली. ॲप आधी ‘ऑपरेटर’, म्हणजे दाखला काढून देणारा कोण, ते विचारतं. तिथे तुमचं आधार आणि तुमचा चेहरा द्या, त्यानंतर आईचा. पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक) आणि बँकेचं पासबुक जवळ ठेवा. फोनवर जमत नसेल तर पोस्टमनला घरी बोलावता येतं, किंवा डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन पीएफ कार्यालयात जा. नोव्हेंबरपर्यंत थांबायचं कारण नाही. या पेन्शनचा दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. दाखला पोचला की थांबलेल्या महिन्यांचे पैसेही मिळतात. बँकेत पैसे काढताना अंगठ्याच्या मशीनवर अडवलं तर शाखेत स्लिप भरून काढा. आईला सही येते का हे तुम्ही लिहिलं नाही. येत असेल तर सही, नसेल तर कागदावर शाईचा अंगठा आणि साक्षीदार. नुसत्या शाईच्या अंगठ्याला यंत्रासारख्या बारीक रेघा लागत नाहीत.

सहीवरून आठवलं. नव्वदच्या दशकात साक्षरतेच्या वर्गांना रात्री कंदील घेऊन आलेल्या बायका मी लहानपणी पाहिल्यात. अंगठेबहाद्दर म्हणून कुणी हिणवू नये, एवढ्यासाठी त्या आपलं नाव गिरवत बसायच्या. त्यांच्याकडेच आज सही नको, अंगठा द्या म्हणून मागतात, आणि तो लागला नाही की खाली मान घालून त्या परत जातात. तुमच्या आईला सही येत असेल तर पुढच्या प्रत्येक अर्जावर तिला सहीच करू द्या.

केरळमधल्या कुमारकोमची गोष्ट आईला वाचून दाखवा. तिथल्या एका बाईला हाताला बोटंच नव्हती म्हणून आधार मिळत नव्हतं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी लक्ष घातलं आणि प्राधिकरणाची माणसं तिच्या घरी जाऊन डोळ्यांच्या स्कॅनवर नोंदणी करून आली. बोटं नाहीत किंवा बोटांचे, डोळ्यांचे ठसे देता येत नाहीत, अशा सुमारे २९ लाख लोकांना आधार दिलंय, असं तेव्हा सरकारनंच जाहीर केलं. ज्यांना बोटं नाहीत त्यांची ओळख पटवण्याची सोय आहे, मग तुमच्या आईची का पटवता येऊ नये? दुकानदारानं वाद घातला तर त्याला हेच विचारा, शांतपणे.

आता अर्ज. तोंडी बोलण्यात तीन महिने गेलेत. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात येते, म्हणजे अर्ज तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत. वकील, एजंट कुणीही लागत नाही. साध्या कागदावर एवढं लिहा: “माझे वय ६४. पंचेचाळीस वर्षे बिडी वळण्याच्या कामामुळे व त्वचेच्या विकारामुळे माझे ठसे उमटत नाहीत. डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले आहे. अमुक महिन्यापासून तीन महिने मला धान्य नाकारण्यात आले. २४ ऑक्टोबर २०१७ च्या केंद्राच्या सूचनेनुसार मला पर्यायी मार्गाने धान्य द्यावे, तशी लेखी सूचना दुकानदारास द्यावी, माझी ई-केवायसी डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या पडताळणीने करून घ्यावी व तोपर्यंत माझे नाव कमी करू नये. न मिळालेल्या धान्याबद्दल अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे भत्ता द्यावा.” प्राधान्य कुटुंबाचं कार्ड असेल तर माणशी ५ किलो, दोघांचे १०, तीन महिन्यांचे ३० किलो. हा आकडा अर्जात लिहाच. आकडा असला की कागदाकडे नीट बघतात. २०१३ च्या कायद्यात असा भत्ता सांगितलेला आहे. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर हाच अर्ज जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि मग राज्य अन्न आयोगाकडे. मधल्या काळात १९६७ या रेशनच्या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा नंबर लिहून घ्या. आधारच्या अडचणीसाठी १९४७.

अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्या. ती पोच, डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि आईचं बिडी कामगाराचं ओळखपत्र, जुनं आणि फाटकं असलं तरी, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनच्या पिशवीतच ठेवा. पुढच्या वेळी दुकानात तिच्याबरोबर तुम्हीही जा.